अकरा वर्षे न अडकलेल्या झडपेची बखर

श्री अग्निनारायण समर्थ. जो वाळू गिळून काच देतो, जो अकरा वर्षे डोळ्यास डोळा न लावता जागतो, त्यास प्रथम नमन. आणि दुसरे नमन थोरल्या कचेरीस, जी शहरी राहून, काही न पाहता, सर्व जाणते. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध पंचमीचे दिवशी आम्हांस त्याच कचेरीतून हुजूरची आज्ञा जाहली की, कारखान्याच्या राज्यात जुने यंत्र जाऊन नवे यंत्र कैसे आले, बखेडा कोणता जाहला आणि दोष कोणाचा, हे साद्यंत एका पानात लिहून पाठविणे, रकाने आखून धाडिले आहेत. त्यास उत्तर ऐसे की, रकाने पाहिले. दोषाचा रकाना बोटभर आणि दोष कोसभर, तो त्यात मावणे नाही. सबब रकाने बाजूस ठेविले आणि जुन्या चालीने लिहितो. आम्ही कोण, हे पुसो नये. राज्याचे कागद एकोणीस वर्षे आमच्या हातून जातात, इतके पुरे. जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, जे ऐकिले ते दोघांकडून पडताळून लिहिले, आणि राग आला तेथे राग लिहिला, त्याची माफी असावी. नसली तरी आमचे काही अडत नाही.

राज्य बाटल्यांचे. औषध, सरबत, लोणचे, जे जे काचेत भरून विकावे त्याची बाटली नाहीतर बरणी येथे घडे. चारशे माणूस तीन पाळ्यांनी राबे आणि मध्यभागी भट्टी. भट्टीचा धर्म ऐसा की, एकदा पेटविली म्हणजे विझू देऊ नये. विझली तर आतील काच थिजून दगड होते, छताच्या विटा तडकतात आणि नवी बांधावयास आठ महिने जातात, तोवर चारशे माणसांनी घरी बसावे आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे. आणि ही आगही एका अंगाने देऊन चालत नाही. वीस मिनिटे डावीकडून, मग वीस मिनिटे उजवीकडून, ऐसा तिचा फेरा. फेऱ्यासाठी भिंतीमागे लोखंडी झडप असे, घराच्या दाराएवढी. झडप एकीकडून दुसरीकडे पुरती फिरावी आणि मगच गॅस सुटावा, हा नियम. कारण झडप अर्धी असता गॅस सुटला तर ज्वाला भट्टीत न जाता उलटून भिंतीमागे येते आणि तेथे जो असेल त्यास ओळख विचारीत नाही.

या भट्टीवर हुकमत चाले हिरव्या पत्र्याच्या एका कपाटाची, ज्यास लोक पॅनेल म्हणत. पॅनेल एकतीस वर्षांचे, मागल्या भट्टीपासूनचे, आत शेकडो रिले, म्हणजे विजेच्या कळा, टकटक करीत आणि दर वीस मिनिटांस आपसांत मसलत करून फेऱ्याचा हुकूम सोडीत. आणि पॅनेलचे किल्लेदार केरबा टिपुगडे, वय सत्तावन, मिशी पांढरी, आवाज भट्टीच्या घोंगावण्यावर चढविलेला, तो घरी जाऊनही उतरत नसे. लहानथोर त्यांस नाना म्हणत. नाना पॅनेलच्या दारास कान लावीत आणि म्हणत, "सातव्या ओळीतल्याला दमा झालाय," आणि दार उघडून पाहावे तो सातव्या ओळीतलाच रिले काळा पडलेला. अकरा वर्षांमागे ही भट्टी नवी बांधून पेटली त्या दिवशी पहिली काडी त्यांनी लाविली होती आणि तेव्हापासून ती लेकीसारखी सांभाळिली, गावच्या जत्रेसही ते दुपारून जात आणि दिवे लागायच्या आत परतत, आणि कोणी पुसिले तर म्हणत, "देव कुठं जातुया, पर ही रुसली तर समजूत कोण काढणार?" ऐसे माणूस. राज्यातून दर वर्षी उत्तम कामगार म्हणून त्यांचा नारळ आणि तसबीर देऊन गौरव होई, आणि तो यथायोग्यच होता.

आता खोट सांगतो. झडप अडके. पेटल्यानंतर तिसऱ्याच महिन्यात तिच्या बिजागरीने दगा दिला आणि दिवसातून दोन-तीन वेळा ती अर्ध्यात थांबू लागली. बदलावी म्हटले तर आग मंद करून सहा दिवस माल बंद, आणि माल बंद म्हटले की थोरल्या कचेरीस काय तोंड दाखवावे, या विचाराने राज्याचे दिवाण मुकुंदराव आजगेकर यांची पाचावर धारण बसली. मग दिवाणांनी तोड काढिली ती ऐसी. झडप पुरती फिरली की तिचा दांडा एक बटण दाबी, ती फिरल्याची साक्ष. ते बटण तारेने कायमचे दाबून बांधिले, म्हणजे पॅनेलास सदा सर्वकाळ वाटावे की झडप फिरली. आणि खरोखर फिरावी म्हणून भिंतीमागे स्टूल ठेविले, त्यावर माणूस बसविला आणि त्याच्या हाती बाभळीचा दांडका दिला. झडप अडकली की आठ सेकंदांच्या आत त्याने दांडका घालावा. नवव्या सेकंदास गॅस येई. तीन पाळ्यांस ऐसे तीन माणूस. त्यांत पहिल्या पाळीचा पांडू शेळके, अंगाने किरकोळ, हाताने चपळ, तरी दोन वेळा नववा सेकंद त्याच्या आधी पोहोचला आणि त्याच्या भुवया गेल्या. तो हसून सांगे, "बायकू म्हणती, नव्या आल्या त्या पहिल्यापरीस दाट हायत." आणि रोजच्या कागदावर, जेथे झडपेचा रकाना होता, तेथे नाना लिहीत, "ठीक," आणि खाली सही करीत. अकरा वर्षे, रोज. ते कागद आम्हीच फायलीस लाविले, तेव्हा आम्ही मोठे धुतल्या तांदळासारखे, ऐसे कोणी समजू नये.

या राज्याची एक चाल होती, ती ध्यानी घ्यावी, कारण पुढील सर्व अनर्थ तिच्या पोटी आहे. बाहेरचा कोणी कागदपेन घेऊन दरवाजात आला, मग तो सरकारी तपासनीस असो, प्रमाणपत्रवाला असो की गिऱ्हाइकाचा माणूस, की देवडीवरून दोन घंटा होत आणि घटकेत सारे राज्य पुस्तकाप्रमाणे होई. तारा सुटत, ज्या खडूच्या खुणांवर खरे माप चाले त्या पुसल्या जात, बाभळीचे दांडके झाकले जात, ज्यांनी वर्षभर हातमोजे पाहिले नाहीत ते हातमोजे चढवीत, आणि कोणी काही पुसिले तर भिंतीवरील पाटी वाचून दाखवीत. पाहुणा प्रसन्न होऊन जाई आणि तो वळणापार दिसेनासा झाला की तारा पुन्हा बांधिल्या जात. दिवाण म्हणत, "येणाऱ्याला पुस्तक दाखवावं आणि गेल्यावर भट्टी चालवावी." झाकली मूठ सव्वा लाखाची, हे या राज्याचे गीतारहस्यच म्हणावे. आणि चाल इतकी मुरली की कोण पारखण्यास आला आणि कोण मदतीस आला, हा भेदच कोणास उरला नाही.

ऐसे चालले असता, येथील राज्य ज्यांच्या हवाली ते धाकटे सरकार परमुलखी प्रदर्शनास गेले आणि तेथे काचेच्या पडद्यावर सारा कारखाना बोटाने हालताना पाहून थक्क होऊन परतले, आणि दरबार भरवून बोलिले, "आपलं पॅनेल म्हणजे वस्तुसंग्रहालय आहे. रिले मिळत नाहीत, बनवणारी कंपनी बुडाली, आणि सगळी विद्या एका नानांच्या कानात. उद्या नाना निवृत्त झाले तर?" हे बोलणे खरेच होते, सरकारांचे म्हणून खोटे का म्हणावे? पौषअखेर नानांची निवृत्ती ठरलेलीच होती आणि जुने रिले आम्ही भंगारबाजारातून शोधून आणीत होतो. मग नवे यंत्र बसविणारी एक फौज नेमिली. तिच्या सरदार रेवती कानविंदे, वय तिशीच्या आत, बोलणे थोडके, प्रश्न फार. त्या बोलिल्या, "आधी बारा दिवस आम्ही फक्त बघणार. जुनं यंत्र जसं चालतं तसं लिहून घेऊ, तेच नव्याला शिकवू. जसं आहे तसं दाखवा, लपवू नका, नाहीतर नवं यंत्र चुकीचं शिकेल." इतके स्वच्छ मराठीत सांगितले! तथापि त्यांच्या हाती कागद होता, पेन होते, आणि देवडीवर दोन घंटा झाल्या. झाले, सारे राज्य पुस्तकाप्रमाणे झाले. कोणी हुकूम केला नाही, कोणी मसलत केली नाही, चालच ती. बटणाची तार सुटली, आणि पांडू स्टुलासह भिंतीमागे दार लावून बसला, खोकूही नये हे त्यास न सांगता ठाऊक. दारावर पाटी लागली, धोका.

रेवतीबाई दिवसभर नानांच्या मागे. नानांनी पुस्तकात जसे आहे तसे बोलून दाखविले, आणि ते शब्द त्यांच्या तोंडी दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखे दिसत. बाई पुसती झाल्या, "नाना, झडप कधी अडकते का?" तो नाना दिवाणांकडे पाहून बोलिले, "न्हाई बा. लिवलंय की कागदावर." अकरा वर्षांचे कागद आम्हीच आणून पुढे रचिले, चार हजारांवर, सर्वांवर ठीक. मग बाई म्हणाल्या, झडप तरी पाहू, आणि त्या दाराकडे निघाल्या. दिवाण आडवे धावले. "तिकडे नको हो बाई, तिकडे नाग आहे. जुना आहे, जागेचा राखणदार. आम्ही कोणी जात नाही." "नाग? एवढ्या उष्णतेत?" "म्हणून तर चिडका आहे." इतक्यात फेरा आला, झडप अर्ध्यात थांबली आणि भिंतीमागून दांडक्याचा थाडकन आवाज जाहला. बाई चमकून म्हणाल्या, "हे काय?" दिवाण म्हणाले, "शेपटी आपटतो." आम्ही तेथेच उभे होतो आणि मूग गिळून बसलो, ते मूग आजवर पचले नाहीत. बाईंनी वहीत लिहिले की, मागील दालन पाहता आले नाही, कागदपत्रांवरून झडप निर्दोष. बारा दिवस पुस्तकाप्रमाणे भट्टी चालली तो बाटल्या वाकड्या निघाल्या, त्या पुन्हा वितळविल्या. आणि जे राज्य पृथ्वीवर कधी नव्हते त्याचा उत्तम नकाशा घेऊन फौज परत गेली.

पुढे कार्तिकात नवे यंत्र आले. मोठा पडदा, त्यावर भट्टी रंगीत, झडप हिरवी, आणि झडपेवर साक्षीची नवी बटणे, ज्यांस तार बांधावयास जागाच ठेविली नाही. जुन्या पॅनेलच्या तारा कापल्या त्या दिवशी नाना जेविले नाहीत. पॅनेलास झेंडूचा हार घालून ते दिवाणखान्यात शोभेस ठेविले. आठ दिवस नव्या यंत्राची परीक्षा चालली आणि सर्व सुरळीत, कारण पांडू आपल्या जागी होता; बाई म्हणत, "तुमची झडप खरंच छान आहे हो." मग उद्घाटनाचा दिवस ठरला. सरकार आले, थोरल्या कचेरीचे दोघे आले, नारळ आले, छायाचित्रकार आला, आणि सरकारांनी मोठ्या मनाने आज्ञा केली की, आज लहानथोर भेद नको, सर्व माणूस पांढरा पोशाख करून पुढे उभे राहोत, एक चित्र निघो. सर्व म्हणजे सर्व. पांडूही आला, नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसला आणि फार खूश जाहला, कारण अकरा वर्षांत राज्याच्या एकाही चित्रात तो नव्हता. भिंतीमागे स्टूल रिकामे. आणि फेरा आला.

झडप फिरू लागली आणि अर्ध्यात थांबली. नव्या यंत्राने साक्ष मागितली, साक्ष मिळाली नाही. त्याने थोडी वाट पाहिली, पुन्हा मागितली, तिसऱ्यांदा मागितली, आणि मग जे या राज्यात अकरा वर्षांत कोणी केले नव्हते ते केले, खरे बोलिले. पडद्यावर तांबडी अक्षरे आली, झडप अर्धवट, आणि गॅस बंद केला. भट्टी गप्प जाहली. जन्मभर ज्या आवाजात आम्ही बोलत आलो तो आवाज थांबला आणि चारशे माणसांस एकमेकांचे श्वास ऐकू आले. छायाचित्रकार तेवढा म्हणाला, "थोडं हसा." नाना धावत पडद्यापाशी आले. उष्णता उतरू लागली, आकडे डोळ्यांदेखत खाली. दिवस कलेतो आग न मिळाली तर छत तडकणार, हे तेथे प्रत्येकास ठाऊक होते. बाई म्हणाल्या, "यंत्र म्हणतंय झडप अडकलीय." दिवाण गर्जले, "अशक्य! अकरा वर्षांत एकदा अडकली नाही, कागद बघा! तुमच्या यंत्रातच खोट आहे. ती साक्ष बंद करा आणि गॅस सोडा." आणि नानांच्या कानाशी लागून हळूच म्हणाले, "पांडूला मागनं पाठवा. कोणाला दिसू देऊ नका." हे आम्ही ऐकिले, मागेच उभे होतो.

बाई पडद्यावरून हात काढून बोलिल्या, "साक्ष बंद करता येते, दोन मिनिटांचं काम आहे. पण मग पुढे केव्हाही झडप अर्धी असताना गॅस सुटेल, आणि ह्या नव्या यंत्राचा गॅस जुन्यासारखा हळू येत नाही, एकदम येतो. भिंतीमागे जे असेल ते जिवंत राहणार नाही. नाग असला तरी." नानांनी पांडूकडे पाहिले. पांडू नवी टोपी हातात धरून उभा, हुकूम न होताच, अकरा वर्षांच्या सवयीने, चार पावले भिंतीकडे निघालाही होता. नाना ओरडले, "पांड्या, जाग्यावर थांब!" आणि सरकारांसमोर येऊन, तोच चढा आवाज त्या शांततेत, बोलिले, "सरकार, झडप अडकतीया. आज न्हवं, अकरा वरसं अडकतीया. मागं ह्यो पोरगा दांडका घिऊन बसतुया. मी रोज लिवलंय ठीक, रोज सही केलीया. ह्या बाईंनी तोंडावर इचारलं तवा बी मी खोटं बोललो. यंत्र खरं बोलतंय. खोटा मी हाय." आमच्या डोळ्यांस पाणी आले, ते भट्टीच्या धगीने आले ऐसे म्हणावे तर भट्टी बंद होती.

मग वेळ घालविला नाही. गॅस पुरता बंद आहे हे बाईंनी स्वतः पाहिले, पाटीचे दार उघडिले आणि नाना दांडका घेऊन आत शिरले, मागे बाई. आत स्टूल, पाण्याची बाटली, भिंतीवर अकरा दिनदर्शिका एकीवर एक, आणि झडपेच्या दांड्यास पडलेला खड्डा, जेथे अकरा वर्षे दांडका बसला होता. बाईंनी दिवाणांस पुसिले, "हाच का तुमचा नाग?" दिवाण म्हणाले, "तो दुसऱ्या पाळीला असतो." नानांनी तीन घाव घातले, झडप फिरली, साक्ष पोहोचली, यंत्राने हिरवा रंग दिला आणि भट्टी पुन्हा गर्जली. छत वाचले, काच वाचली, चारशे घरे वाचली. सरकारांनी नानांस मिठी मारिली, त्यांच्या पांढऱ्या पोशाखावर काजळी लागली, आणि त्या क्षणी ते खरोखर सरकार शोभले. थोरल्या कचेरीचे दोघे मात्र नारळ फोडताना खोबरे डोळ्यांत उडाले म्हणून केव्हाच विश्रामगृही गेले होते, सबब त्यांनी काही पाहिले नाही. बाईंनी तेव्हाच ऐसी तजवीज केली की, ते दार उघडे असता गॅसच सुटू नये. झडप अडकली तर यंत्र थांबेल, माणूस आत जाईल, घाव घालील, बाहेर येईल, दार लागेल आणि मग आग. चार मिनिटांचे काम आणि जिवाची धास्ती नाही. आणि नाना त्या दिवसापासून कागदावर जे घडे ते लिहू लागले.

येथवर ठीक. परंतु महिना भरला आणि कागद थोरल्या कचेरीस गेला, तो तिकडून सरकारांस प्रश्न आला की, जुन्या यंत्रात अकरा वर्षे झडप एकदाही अडकली नाही आणि नवे यंत्र आल्यापासून एका महिन्यात एक्याऐंशी वेळा अडकली, तरी नव्या यंत्राने झडप कैसी बिघडविली, ते कळविणे. वाहवा! ताप मोजिला म्हणून ताप आला, ऐसा हा न्याय. सरकारांनी मिठीची गोष्ट थोरल्या कचेरीस कळविली नव्हती, आता कळविणे अवघड. कारण अकरा वर्षांच्या प्रत्येक वार्षिक पत्रात त्यांनीच लिहिले होते की आमच्या येथे सर्व पुस्तकाप्रमाणे. मग दिवाणांनी एक कागद सिद्ध केला: नव्या यंत्राच्या साक्षीत दोष आहे, झडप पूर्वी निर्दोष होती, सबब साक्ष बंद करावी आणि जुनी वहिवाट पुन्हा चालू करावी. खाली केरबा टिपुगडे यांची सही हवी, कारण झडपेचे जाणते तेच. जुनी वहिवाट म्हणजे काय, ते कागदात लिहिले नव्हते. स्टुलावरची धूळ मात्र दिवाणांच्या शिपायाने आदल्या दिवशीच पुसिली होती.

नानांच्या निवृत्तीस सोळा दिवस उरले होते. गावी सर्व तयारी. आमच्या मुलखात माणूस नोकरीतून निघाला की त्यास जीपमध्ये बसवून, हलगी लावून, गुलाल उधळीत घरापर्यंत नेतात, वाटेत दारोदारी सुवासिनी ओवाळतात. तेहतीस वर्षांच्या चाकरीचे ते एक लग्नच. नानांच्या कारभारणीने नवे लुगडे घेतले होते, भावकीने हलगीवाले सांगितले होते. दिवाणांनी कागद पुढे केला आणि गोडीने म्हणाले, "नाना, चार हजार सह्या केल्यात, ही एक काय जड आहे? सही करा, शाल घ्या, हलगी लावून घरी जा. नाही केलीत तर मग खोट्या नोंदींची चौकशी लावावी लागेल. माझा नाइलाज आहे." नानांनी कागद दोनदा वाचिला. मग म्हणाले, "मी सही केली तर पांडू परत मागं बसणार न्हवं?" दिवाण म्हणाले, "कोणीतरी बसेलच." नानांनी पेन खाली ठेविले. "मग चौकशी लावा सायेब. फकस्त एक करा, मला का काढलं त्ये कारण सगळं कागदावर लिवून द्या. आडवंतिडवं नको, घडलं तसं."

दिवाणांस राग चढला, आणि रागात माणूस जे टाळू पाहतो तेच करितो. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बसून बडतर्फीचे पत्र सांगितले आणि आम्ही ते लिहून घेतले: की, झडप अकरा वर्षांपासून दिवसातून दोन-तीन वेळा अडकत असता, भिंतीमागे माणूस बसवून ती दांडक्याने फिरविली जात असता, केरबा टिपुगडे यांनी रोज ठीक लिहिले, हा अक्षम्य खोटेपणा, सबब नोकरीतून दूर. हे माणूस कोणी बसविले, ते लिहावयाचे पत्रात राहिले. खाली दिवाणांची ठसठशीत सही आणि राज्याचा शिक्का. अकरा वर्षे खोट्या सह्यांसाठी नारळ आणि तसबीर. एका न केलेल्या सहीसाठी घरचा रस्ता. बडतर्फीच्या पत्राची एक प्रत नियमाप्रमाणे थोरल्या कचेरीस जाते, ती आम्ही धाडिली. दुसऱ्याच दिवशी धाडिली, पोचपावतीसह. दिवाणांचे त्याकडे ध्यान गेले नाही, आणि आम्हीही त्यांस त्रास दिला नाही.

नाना निघाले त्या दिवशी जीप आली नाही, हलगी आली नाही. बडतर्फ माणसास ओवाळीत नाहीत. डबा पिशवीत घालून, देवडीवर अंगझडती देऊन, ते सायकल हातात धरून चालत गेले. पांडू वेशीपर्यंत मागे मागे गेला, मग परत येऊन पाळीवर उभा राहिला. आम्ही खिडकीतून पाहिले आणि खिडकी लावून घेतली, याहून अधिक काही केले नाही, हेही लिहून ठेवितो.

इकडे थोरल्या कचेरीत ते पत्र वाचिले गेले. तेथील विमेवाल्यांनी वाचिले, सुरक्षेवाल्यांनी वाचिले, आणि सर्वांस एकदम घाम फुटला, कारण आता खुद्द दिवाणांच्या सहीशिक्क्याने लिहिलेले की झडप अकरा वर्षे नादुरुस्त आहे. ऐकीव असते तर न ऐकिले करिता आले असते. कागदाचे काय करावे? आठव्या दिवशी हुकूम आला की, आग मंद करून सहा दिवस माल बंद ठेवावा आणि झडप बदलावी. जे काम सांगावयास अकरा वर्षे कोणाची छाती जाहली नाही ते चार ओळींत जाहले. माघात नवी झडप आली, क्रेनने उतरविली, रेवतीबाईंची फौज पुन्हा आली, आणि जुनी झडप भंगारात गेली. दिवाणांची बदली बढतीवर जाहली, त्यात नवल ते काय? नव्या झडपेच्या पहिल्या फेऱ्यास सरकार होते, बाई होत्या, आम्ही होतो. नानांस देवडीच्या आत येण्याची मनाई. फेरा जाहला, रोजचा कागद आता पांडूकडे, तो लिहून त्याने नानांस फोन लाविला आणि तो चढा आवाज आम्हांस फोनाबाहेर ऐकू आला.

"फिरली का रं?"

"फिरली, नाना."

"पुरती?"

"पुरती. मी हात बी न्हाई लावला. नुसता बाहेर उभा ऱ्हाऊन बघत हुतो."

मग नाना बोलिले, आणि तेहतीस वर्षांत प्रथमच आवाज खाली होता. "कागदावर काय लिवलंस?"

"ठीक लिवलं," पांडू म्हणाला आणि रडू लागला.

एवंच, तात्पर्य इतके की, राज्यात नवी बुद्धी आणिली ती उत्तमच आणिली, परंतु तिला शिकवावयास बसविले आम्हांस, आणि आम्हांस येत होते एकच, येणाऱ्यास पुस्तक दाखवावे. भट्टी हल्ली सुखरूप असून बाटल्या सरळ निघतात. केरबा टिपुगडे गावी असून त्यांची बडतर्फी कायम आहे. ती रद्द करावी की कसे, याविषयी रकान्यात जागा नव्हती म्हणून येथे विचारिले आहे. हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले. खाली सही करणार होतो. या राज्यात खरे लिहून सही न करण्याची वहिवाट आहे, तथापि नानांची सायकल रोज डोळ्यांपुढे येते. सबब हुजुरांनी नाव पुसिल्यास सांगू, आपण होऊन लिहिण्याची छाती अद्याप जाहली नाही.